वार्धक्याचे घर कोणते?

पुण्यामुंबईच्या जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थांत पुनर्विकासाचा विषय निघत नाही, अशी सर्वसाधारण सभा अलीकडे विरळाच. वाढीव चटईक्षेत्र, बिल्डरांचे देकार, कॉर्पस फंड यांची चर्चा रंगात येते. परंतु मागच्या रांगेत बसलेल्या वयोवृद्ध सभासदांच्या मनात निराळाच प्रश्न घोळत असतो. इमारत पाडल्यावर काही वर्षे भाड्याच्या जागेत काढावयाची आणि मग पुन्हा संसार हलवावयाचा, हे पंचाहत्तरीनंतर कितपत झेपेल? त्यापेक्षा ज्येष्ठांसाठी बांधलेल्या एखाद्या वसाहतीतच का जाऊ नये? २०१९ च्या शासननिर्णयानुसार पुनर्विकासास ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. तेव्हा एकट्यादुकट्या वृद्धाच्या नकाराने हा प्रश्न टळणारा नव्हे. २०११ च्या जनगणनेत देशात साठी गाठलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. आज ना उद्या त्यांपैकी पुष्कळांपुढे हा प्रश्न, पुनर्विकास असो वा नसो, उभा राहणारच.

आपल्याकडे या विषयाची चर्चा बहुधा मुलांच्या कृतघ्नतेपासून सुरू होते आणि तेथेच संपते. आमच्या मते ही मोठी दिशाभूल आहे. पुण्याच्या नव्या पेठेतील ‘निवारा’सारख्या एकोणिसाव्या शतकातील संस्था निराधारांच्या आधारासाठी निघाल्या. आजची ज्येष्ठांची वसाहत ही स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या किल्लीने राहावयाची जागा आहे. या दोहोंस एकाच नावाने संबोधणे म्हणजे तेथे जाणाऱ्यावर विनाकारण अनाथपणाचा शिक्का मारणे होय. शिवाय संसाराची सूत्रे मुलांच्या हाती देऊन आपण होऊन दूर होण्याची कल्पना आपणांस परकी नाही. वानप्रस्थाश्रम म्हणजे दुसरे काय? मात्र त्यात जाणारा स्वतः निघत असे, कोणी त्यास पाठवीत नसे. खरे महत्त्व आहे ते या भेदाला.

घरीच राहण्याच्या बाजूने पुष्कळ सांगण्यासारखे आहे. ओळखीचा वाणी, नाडी जाणणारा जुना डॉक्टर, वाचनालय, संध्याकाळचा कट्टा या गोष्टी सत्तरीनंतर नव्याने जमविता येत नाहीत. परंतु घर प्रिय असले म्हणजे ते सोयीचे असतेच असे नाही. तीन मजले, लिफ्ट नाही, न्हाणीघरात धरावयास दांडा नाही. अशा घरात एकदा मांडीचे हाड मोडले की त्याचा तुरुंग होण्यास वेळ लागत नाही. ब्यूरोमार्फत येणाऱ्या मावशींचा खर्च पगारासारखा दरमहा उभा राहतो. ऑक्टोबर २०२४ पासून ‘आयुष्मान भारत’ योजनेत सत्तरीपुढील सर्वांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले, हे स्वागतार्ह आहे. परंतु रुग्णालयातून घरी परतलेल्या वृद्धास अंघोळ कोणी घालावयाची, याचे उत्तर या योजनेत नाही. जपानने अशा शुश्रूषेसाठी २००० सालीच स्वतंत्र विमा सुरू केला.

वसाहतीत जावयाचे तर डोळे उघडे ठेवून जावे. ‘महारेरा’ने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी लिफ्ट, चाकाची खुर्ची जाईल असे दरवाजे, न घसरणारी फरशी इत्यादींचे निकष ठरविले आणि ते विक्रीकरारात घालण्यास सांगितले. पण हे झाले विटामातीचे. मासिक आकार किती व कसा वाढेल? पती निवर्तल्यास पत्नीचा हक्क काय? मृत्यूनंतर अनामत कोणास व किती दिवसांत परत मिळेल? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उद्या अंथरूण धरले किंवा स्मृतिभ्रंश झाला तर तेथेच राहता येईल, की अन्यत्र जावे लागेल? चालत येणाऱ्याचे स्वागत कोणीही करतो. वसाहतीची परीक्षा व्हावयाची ती त्याचे चालणे थांबल्यावर. या प्रश्नांची उत्तरे माहितीपुस्तकात नव्हे, करारात शोधावीत.

दोन्ही मार्गांवर एक पथ्य मात्र सारखेच आहे. राहते घर हातचे घालवू नये. ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले, तेव्हा सर्वस्व मुलांना देऊन बसलेल्या बेलवलकरांसाठी प्रेक्षक हळहळले. पुढे २००७ च्या कायद्यातील कलम २३ ने अशा दानपत्रास रद्द करण्याची सोय केली. परंतु सांभाळ करण्याची अट दानपत्रात असावयास हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे लावला. न्यायालयाच्या उदारतेवर विसंबण्यापेक्षा अट लिहून घेणे, किंवा हयातीत दानपत्र न करता मृत्युपत्र करणे हेच शहाणपणाचे. वसाहतीत जाणाऱ्यानेही शक्य तर जुने घर भाड्याने देऊन पहिले वर्ष तेथे राहून पाहावे. परतीची वाट मोकळी असली म्हणजे मनही लवकर रुळते.

हा निर्णय ज्याचा त्याने, हातपाय चालत असताना आणि मुलांना समोर बसवून करावा. अपघातानंतर रुग्णालयाच्या व्हरांड्यात इतरांनी घाईने केलेला निर्णय क्वचितच सुखाचा ठरतो. परंतु व्यक्तीने शहाणपण दाखवावे एवढे सांगून शासनाची व महापालिकेची सुटका होत नाही. जुन्या इमारतींना लिफ्ट बसविण्यास साहाय्य, घरपोच शुश्रूषेची नोंदणीकृत व परवडणारी व्यवस्था, आणि वसाहतींच्या बांधकामाबरोबरच तेथील सेवेवरही देखरेख, एवढे तरी झाले पाहिजे. जिना चढवत नाही म्हणून घर सोडावे लागणे आणि पैसा नाही म्हणून घरात अडकून पडणे, या दोहोंपैकी कशासही निवड म्हणता येणार नाही.