भाषण एक, कान दोन



५ ऑक्टोबर २०२२ चा दिवस आम्हाला चांगला आठवतो. अशोक विजयादशमी, म्हणजे आपला धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी तुर्भ्यातल्या आमच्या वस्तीतील विहारात वंदना झाली. आमच्या शेजारचे दोघे सख्खे भाऊ पांढरे कपडे घालून एकाच सतरंजीवर बसले होते आणि एकाच सुरात त्रिशरण-पंचशील म्हणत होते. त्याच दोघांच्या घरातून रात्री साडेनऊच्या सुमारास ताट आपटल्याचा आवाज आला. आम्ही धावत गेलो. पाहतो तो थोरला उंबऱ्यात उभा, धाकटा चपला शोधतोय, आणि मध्ये त्यांची आई भाताचे पातेले धरून बसलेली.

भांडण कशाचे? जमिनीचे नाही, पैशाचे नाही, पाण्याच्या पाळीचेही नाही. भांडण होते भाषणाचे!

त्या संध्याकाळी मुंबईत एकाच पक्षाच्या नावाने दोन दसरा मेळावे भरले होते. शिवाजी पार्कच्या मेळाव्याची परंपरा १९६६ पासूनची. पण जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, श्री. एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि मैदान कोणाचे हा वाद उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने शिवाजी पार्क श्री. उद्धव ठाकरे यांच्या गटाला दिले. शिंदे गटाचा मेळावा वांद्रे-कुर्ला संकुलात झाला. नवी मुंबईतून दोन्हीकडे माणसे गेली. जी गेली नाहीत ती टीव्हीपुढे बसली. शेजारच्या घरातला थोरला भाऊ कंत्राटी सफाई कामगार. कोरोनाच्या काळात उद्धवजी मुख्यमंत्री म्हणून घरातल्या माणसासारखे बोलायचे, हे त्याच्या मनात बसलेले. धाकटा वाशीच्या घाऊक बाजारात हमालीला. रिक्षा चालवून वर आलेला आपल्या ठाणे जिल्ह्यातला माणूस मुख्यमंत्री झाला, याचा त्याला अभिमान. टीव्ही एक, रिमोट एक आणि भाऊ दोन!

आम्ही त्या खोलीत तासभर बसलो होतो. तेव्हा जे पाहिले ते सांगण्यासारखे आहे.

शिवाजी पार्कच्या व्यासपीठावर एक खुर्ची रिकामी ठेवली होती, त्या वेळी कोठडीत असलेल्या संजय राऊत यांच्यासाठी. वांद्र्याच्या व्यासपीठावरही एक खुर्ची रिकामी होती, ती दिवंगत बाळासाहेब ठाकरे यांच्या आठवणीसाठी. पहिली खुर्ची दिसली तेव्हा थोरला म्हणाला, “बघ, याला म्हणतात माणसाची जाण.” धाकटा म्हणाला, “नाटक!” दुसरी खुर्ची दिसली तेव्हा धाकट्याने टीव्हीपुढे हात जोडले आणि थोरला म्हणाला, “नाटक!” लाकूड तेच, मोकळी जागा तीच; शब्द मात्र खुर्ची पाहून नव्हे, मैदान पाहून तोंडातून निघत होता.

पुढे उद्धवजींनी शिंदे यांना ‘कटप्पा’ म्हटले, खोक्यांवरून ‘खोकासुर’ म्हटले. थोरल्याने मांडीवर थाप मारली. आम्ही केली ती गद्दारी नसून गदर आहे, असे शिंदे म्हणाले, तेव्हा धाकट्याने शिट्टी वाजवली. दोघांनाही आम्ही विचारले, “यात तुमच्या पगाराचे काय आले?” दोघांनीही आमच्याकडे असे पाहिले, की जणू आम्ही लग्नात रडगाणे काढले.

ताट आपटले ते मात्र एका लहान मुलावरून. बाप मंत्री, मुलगा खासदार आणि आता नातवालाही नगरसेवक करायचे, असा टोला उद्धवजींनी हाणला. नातू होता दीड वर्षाचा. शिंदे यांनी त्याला भाषणात उत्तर दिले आणि नंतर त्यांचे चिरंजीव खासदार श्रीकांत शिंदे यांनी उद्धवजींना जाहीर पत्रही लिहिले. धाकटा भडकला, “तान्ह्या पोराला राजकारणात ओढतात, लाज नाही!” थोरला म्हणाला, “घराणेशाहीवर बोलले तर मिरच्या झोंबल्या!” बोलता बोलता गोष्ट एकमेकांच्या पोरांवर गेली आणि ताट जमिनीवर गेले.

आता शांतपणे विचार करा. घराणेशाही वाईट, हे थोरल्याचे म्हणणे खरे. पण ज्यांच्या तोंडून त्याने ते ऐकले ते स्वतः पक्षप्रमुखाचे चिरंजीव, आणि त्यांचे चिरंजीव त्यांच्याच मंत्रिमंडळात मंत्री होते. ते त्याला त्या क्षणी दिसले नाही. लहान मुलाला भाषणात आणू नये, हे धाकट्याचे म्हणणे खरे. पण वडील मुख्यमंत्री आणि मुलगा खासदार, हे त्याला खटकले नाही. दोघांच्या हातात माप होते. फक्त दोघेही ते दुसऱ्याच्याच दारात लावत होते.

आणि सर्वांत मोठी गंमत अशी, की नगरसेवकाच्या नातवावरून आमची गल्ली भांडत होती तेव्हा आमच्या गल्लीला नगरसेवकच नव्हता! नवी मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली होती. निवडणूक झाली नव्हती, कारभार प्रशासकाच्या हाती होता. गटारीसाठी कोणाला भेटायचे हे माहीत नसलेली माणसे दीड वर्षाच्या बाळाच्या उमेदवारीवर हातघाईला आली. या दोन मोठ्या भाषणांपैकी कोणत्यात आमच्या निवडणुकीची तारीख मिळते का, हे त्या खोलीत कोणी कान देऊन ऐकतच नव्हते.

वाचक म्हणतील, आपली माणसे अडाणी, म्हणून असे होते. तसे मुळीच नाही. ज्या अमेरिकेत बाबासाहेब शिकले त्या शिकलेल्या देशातही हेच चालते. तिथे दर चार वर्षांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी दोन्ही मोठ्या पक्षांची महाअधिवेशने भरतात. २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे जुलैत मिलवॉकीला आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे ऑगस्टमध्ये शिकागोला भरले. ट्रम्प दीड तासाहून अधिक बोलले, कमला हॅरिस पाऊण तासाच्या आत आटोपल्या. लांब भाषण एका बाजूला मनमोकळे वाटते, दुसऱ्या बाजूला रटाळ. आटोपशीर भाषण एका बाजूला मुद्देसूद वाटते, दुसऱ्या बाजूला पोकळ. तिथे तर वाहिन्याही वाटून घेतलेल्या. आपल्या पसंतीची वाहिनी लावली, की आपलाच नेता जिंकलेला दिसतो.

याचा शोध तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी फार पूर्वी घेतला आहे. १९५१ साली प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन महाविद्यालयांत फुटबॉलचा सामना झाला. एका बाजूच्या खेळाडूचे नाक फुटले, दुसऱ्या बाजूच्या एकाचा पाय मोडला. पुढे त्या सामन्याची फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या खेळाडूंचे जितके नियमभंग डार्टमथच्या मुलांना दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या मुलांना दिसले. फिल्म एकच! जेफ्री कोहेन यांचा २००३ सालचा प्रयोग तर आणखी बोलका आहे. गरिबांना सरकारी मदत देण्याची एक योजना त्यांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवली. आपल्या पक्षाचा तिला पाठिंबा आहे असे सांगितले, की मुलांना ती आवडे. विरोधी पक्षाचा आहे म्हटले, की नावडे. योजना सढळ आहे की कंजूष, याकडे लक्ष कमीच. वर प्रत्येक जण म्हणे, मी योजना वाचूनच मत दिले.

दुसऱ्यांचे सांगून झाले. आता आपल्याही घरात डोकावू. १९५७ साली स्थापन झालेल्या आपल्या रिपब्लिकन पक्षाचे किती गट झाले हे आम्ही मोजत बसत नाही. पण जानेवारी २०२३ आठवा. लाँगमार्चचे नेते प्रा. जोगेंद्र कवाडे शिंदे यांच्याबरोबर गेले. त्याच महिन्यात अॅड. प्रकाश आंबेडकर यांनी उद्धवजींशी युती जाहीर केली. श्री. रामदास आठवले आधीपासून भाजपबरोबर केंद्रात मंत्री होतेच. एका विहारात बसणारी माणसे तीन मांडवांत वाटली गेली. ज्या शिवसेनेने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराला विरोध केला, तिच्या नेत्याच्या भाषणाला आमच्या ओळखीचे लोक टाळ्या देऊ लागले. काल हेच लोक ते भाषण ऐकून टीव्ही बंद करीत होते. मग २०२४ च्या लोकसभेला ती युती टिकली नाही, आणि टाळ्याही थांबल्या. बोलणारा तोच, बोलण्याची पद्धत तीच. मधल्या काळात बदलली ती फक्त युती.

युती करणे चूक, असे आम्ही म्हणत नाही. राजकारणात हात मिळवावे लागतात, सोडावेही लागतात. माणसाचे मत बदलू शकते, आणि कारण पाहून बदललेले मत हे शहाणपणाचे लक्षण आहे. पण कारण न पाहता, फक्त बोर्ड पाहून मत बदलत असेल, तर ते मत आपले नव्हे, ते बोर्डाचे. आणि आपले मत हीच तर आपली मिळकत आहे. बाकी आपल्याकडे आहे काय?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी हीच धोक्याची सूचना दिली होती. धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय. त्याहीआधी अडीच हजार वर्षे, कालाम लोकांनी भगवान बुद्धांना विचारले होते, की नाना गुरू येतात, आपलेच खरे म्हणतात, दुसऱ्याचे खोटे ठरवतात. आम्ही कोणाचे मानावे? ऐकीव आहे म्हणून मानू नका, आपला गुरू सांगतो म्हणूनही मानू नका. हिताचे की अहिताचे ते स्वतः तपासा, असा त्यांना उपदेश मिळाला. गुरूच्या शब्दाला जी कसोटी, ती पुढाऱ्याच्या शब्दाला का नसावी?

पण तपासायचे कसे? थोरल्याची मुलगी त्या वेळी नववीत होती. ताट फुटल्यानंतर दोघे भाऊ पंधरा दिवस बोलत नव्हते. एका रविवारी तिने जुनी वर्तमानपत्रे काढली, दोन्ही भाषणांतली तीन-तीन वाक्ये वहीत उतरवली, नावे गाळली आणि बाबा व काकांपुढे वही ठेवली. “सांगा, कोणते कोणाचे?” बाळासाहेबांच्या विचारांचे खरे वारसदार आम्हीच, हे तर दोघेही म्हणत होते. थोरल्याने शिंद्यांचे एक वाक्य आपले म्हणून उचलले, धाकट्याने उद्धवजींचे. पोरीने नावे सांगितली तेव्हा आजी एवढी हसली, की तिला ठसका लागला. मग ती म्हणाली, “अरे, त्या स्टेजवरचा एक तरी माणूस तुम्हा दोघांना नावाने ओळखतो का? मी मात्र ओळखते. जेवायला बसा.”

या पोरीची युक्ती आम्ही सर्व घरांना सुचवतो. भाषणाआधी आपल्याला काय हवे ते दोन ओळींत लिहून ठेवा: कंत्राटी कामगाराला कायम कामगाराइतका पगार, पोरांची शिष्यवृत्ती, घराचा कागद, जे असेल ते. भाषण संपल्यावर पाहा, त्यातले किती आले, आणि आले ते तारखेसह आले की नुसते आश्वासन म्हणून. दुसरे, एखादे वाक्य फार आवडले, तर ते विरोधी नेत्याच्या तोंडी घालून पाहा. तरी आवडले तर ते खरेच चांगले. फार राग आला, तर ते आपल्या नेत्याच्या तोंडी घालून पाहा. तिसरे, दुसऱ्याच्या भाषणातली एक चांगली गोष्ट आणि आपल्या भाषणातली एक उणीव सांगितल्याशिवाय वादाला तोंड फोडू नका. आणि माता-भगिनींना विनंती, की रिमोट तासभर आपल्या हाती घ्या. घरखर्चाचा हिशेब तुम्ही ठेवता, तर भाषणाचाही तुम्हीच ठेवा.

१२ ऑक्टोबर २०२४ ला पुन्हा दसरा आला. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. शिवाजी पार्कला एक मेळावा, आझाद मैदानावर दुसरा. शेजारच्या घरात पुन्हा टीव्ही लागला, पण या वेळी मध्ये वही होती. रात्री आम्ही मुद्दाम डोकावलो. थोरला अजून उद्धवजींचाच, धाकटा अजून शिंदे साहेबांचाच. मत कोणाचेच बदलले नव्हते, आणि ते बदलायलाच हवे असेही नाही. पण वहीत दोन्ही नेत्यांच्या नावापुढे ‘कंत्राटी पगार’ या रकान्यात पोरीने दोन फुल्या मारल्या होत्या. धाकटा थोरल्याला म्हणत होता, “दादा, तुझ्या पगाराचं आमच्याकडचंही कोणी नाही बोललं रे.”

दोन वर्षांत त्या दोघांनी एकमेकांशी राजकारणावर बोललेले पहिले खरे वाक्य आम्ही त्या रात्री ऐकले. पुढचा मेळावा, पुढची सभा येईल तेव्हा तुमच्याही घरात एक वही असू द्या.

जयभीम.