कालव्यावरची बिऱ्हाडे

प्रवास म्हटला की वेळापत्रक आलेच, ही आम्हां शाळामास्तरांची जन्मखोड. गेल्या मे महिन्यात मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. “बाबा, उद्या दिवसभर नावेतून हिंडायचे,” असे जावईबापूंनी सांगताच मी विचारले, “पोहोचायचे किती वाजता?” ते हसून म्हणाले, “कोठेच पोहोचायचे नाही.”

नॉर्दम्प्टनजवळच्या गेटन गावी नाव ताब्यात मिळाली. हिला नॅरोबोट म्हणतात. या जातीच्या नावा लांबीला 70 फुटांपर्यंत असतात, पण रुंदी जेमतेम 7 फूट. सुकाणू डावीकडे रेटले की नाक उजवीकडे वळते. हे अंगवळणी पडेपर्यंत आम्ही दोनदा लव्हाळ्यांत शिरलो. ताशी 4 मैलांची मर्यादा. त्याहून वेग घेतल्यास लाटांनी काठ ढासळतात. कुत्रे घेऊन निघालेल्या एक आजीबाई काठच्या पायवाटेने आम्हांस मागे टाकून गेल्या, त्याही हात हलवीत! रस्त्यावर डावी बाजू सांभाळणारा इंग्रज कालव्यात मात्र उजवीकडून जातो, ही आणखी एक गंमत.

पुढे ब्लिसवर्थचा बोगदा लागला. 1805 साली खुला झालेला, लांबी सुमारे 2.8 किलोमीटर. आत मिट्ट काळोख, आणि हवेसाठी खोदलेल्या उभ्या विहिरींतून अंगावर गार पाणी. त्या काळी नाव घोडा ओढीत असे. पण बोगद्यात पायवाटच नाही. मग घोड्याला टेकडीवरून पलीकडे न्यावयाचे आणि माणसांनी फळीवर आडवे पडून, भिंतींना पाय लावून, नाव रेटीत न्यावयाची. मुलीने केलेला चहा पीत मी आरामात बसलो होतो. हे ऐकल्यावर तो घोट जरा जड गेला.

पलीकडे स्टोक ब्रुअर्न. येथून पाणी सात लॉकांनी पायरीपायरीने उतरते. आम्हांस परतावयाचे होते, पण पुढच्या नावेला हातभार लावण्याची संधी मिळाली. लोखंडी किल्लीने झडपा उघडावयाच्या, हौदातले पाणी उतरू द्यावयाचे, आणि दोन्ही बाजूंची पातळी एक झाली की लांब दांड्याला पाठ लावून दरवाजा ढकलावयाचा. पातळी जुळेपर्यंत दरवाजा तसूभरही हलत नाही. घाईचा उपयोग शून्य.

तेथेच कालव्याचे संग्रहालय आहे. नावाड्याच्या बिऱ्हाडाची खोली त्यात मांडून ठेवली आहे. लांबी दहा फुटांच्या आतबाहेर. शेगडी, भिंतीतून उघडणारा पलंग, फडताळाचे दार पाडले की तेच जेवणाचे टेबल. सर्वत्र गुलाब आणि किल्ले रंगविलेले. रेल्वे आल्यावर वाहतुकीचे दर घसरले, तेव्हा घरभाडे आणि गड्याची मजुरी वाचविण्यासाठी पुष्कळ नावाड्यांनी बायकापोरांना नावेवर आणले. पोरे घोडा हाकीत, लॉक उघडीत, आणि निरक्षर राहत. कोळसा घेऊन आज या गावी, उद्या त्या गावी. शाळेत नाव घालावे तरी कोठे? कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथ नावाच्या गृहस्थाने याविषयी आवाज उठविला आणि 1877 साली कायदा झाला. नाव ज्या गावी नोंदविली, तेच त्या मुलांचे शाळेपुरते गाव ठरले. अंमल कच्चाच राहिला, कारण नाव त्या गावी क्वचितच असे. पण निदान पत्ता तरी मिळाला.

1962-63 च्या कडक हिवाळ्यात कालवे गोठले आणि मालवाहतुकीचा उरलासुरला धंदाही जवळजवळ संपला. आज तेथे आमच्यासारखे हौशी फिरतात.

परतताना मुलीने विचारले, “बाबा, गप्प का?” मी काही बोललो नाही. आमच्या बेळगाव भागात दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मागील हंगामातील एक मुलगी अठरा दिवस तिसरीच्या वर्गात बसली होती. पाढे चोख म्हणायची. टोळी हलली आणि तिच्या नावावर मी नियमाप्रमाणे लाल रेघ ओढली.

घरी येताच प्रथम ते रजिस्टर काढले. तिला कोठे पत्र घालता येईल, ते पाहावयाचे होते. गावाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात एक शब्द आहे: ‘फिरती’.