चेटकीण पाहायला चला

भगिनींनो, भाताची झोडणी उरकली की पालघर-बोईसरकडे बालनाट्याचा प्रयोग लागतो का, तिकडे जरा कान असू द्या. घरात मोबाईल असताना तिकिटाला पैसे कशाला, असे घरधनी म्हणतील. म्हणू द्यात. पडद्यावरची चेटकीण तुमच्या पोराला पाहत नाही, रंगमंचावरची पाहते. पोरे ओरडली की ती थबकते, उलट त्यांनाच दरडावते. शाळेत ज्याचे तोंड उघडत नाही, तेही तिथे ओरडून जाते.

मराठीत ही वाट सुधा करमरकरांनी १९५९ साली 'मधुमंजिरी'पासून रुळवली. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'त चेटकीण झाले दिलीप प्रभावळकर; २०१८ साली नाटक पुन्हा आले तेव्हा वैभव मांगले. पुरुषाने बाईचे सोंग घ्यावे, यात आपल्याकडे नवल ते काय? जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटा चढवून देवी नाचते, तो गावातलाच कुणी बाप्या असतो. पोरांना ते ठाऊक असते, तरी ती आईच्या पदराआड दडतातच.

तेव्हा नाटकात पोर भ्याले तर हसू नका, मांडीवर घ्या. पुढे काय होणार ते आधी सांगू नका. (परतीची गाडी मात्र आधी पाहून ठेवा.) आणि घरी आल्यावर "जेव, नाहीतर चेटकीण येईल" हे तर मुळीच नको, हौसेने पाहिलेल्या सोंगाचा त्याने बागुलबुवा होतो. त्यापेक्षा एखादे जुने लुगडे द्या नि त्यालाच चेटकीण होऊ द्या. घाबरायची पहिली पाळी आजीची.