इपॉक्सीची घाई कशाला?

रायफलची अ‍ॅक्शन दस्त्यात बसवायची तर इपॉक्सी ओतायचा आणि मोकळे व्हायचे, असे मागील अंकातील पत्रलेखक सांगतात. नागपुरात राहून हे लिहावे, याचे नवल वाटते!

मे महिन्यात इथे पारा 45 अंशांवर जातो, जुलैत भिंतींना ओल येते. अक्रोडाचा दस्ता तेवढ्यात आक्रसतो, फुगतो. आणि 50 मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटरचे. तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला 600 पैकी 597 गुणांसह विश्वविजेतेपद मिळवले, ते याच वर्तुळावर.

आधी तपासणी हवी. दस्त्याच्या टोकाशी डायल गेज बांधून त्याची सुई नळीला टेकवावी आणि पुढचा स्क्रू हळूच सैल करावा. काटा जेमतेम हलला तर बैठक ठीक, 0.05 मिलिमीटरहून जास्त सरकला, तर अ‍ॅक्शन दस्त्यात वाकून बसली आहे. मग इपॉक्सी जरूर वापरावा, पण स्क्रूच्या भोकांत धातूचे पिलर घालून. नाहीतर दर आवळणीला लाकूड दबत राहते. अ‍ॅल्युमिनियमच्या दस्त्याला हा खटाटोप बहुधा लागतच नाही.

अ‍ॅक्शनला मेण चोळायचे मात्र पत्रलेखक लिहायला विसरले. ते राहिले, तर परवानाधारक कारागिरालाही दस्ता फोडावा लागतो.

— एक वाचक, नागपूर