रविवारचे ताट बुधवारी



पेणमध्ये एका मंडळाने 'मुक्या पाखरांसाठी' झाडाखाली कलिंगड, पपई, केळी मांडली, त्याचे फोटो रविवारपासून सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत आहेत. बुधवारी दिवा-रोहा मेमूने पेणला गेले होते, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून ते झाड पाहून आले. ताट जागेवर होते. कलिंगडाचा गर फेसाळून पांढुरका पडलेला, केळ्यांवर बुरशीची लव, कडेने मुंग्यांची रांग, आणि आंबूस वास दहा पावलांवरून येत होता. चिलटे हाकलली तर ताटाशेजारी घुशीने उकरून ठेवलेली माती दिसली. पाखरू एकही नाही. ठेवायला वीस माणसे होती, चार दिवसांत उचलायला एक नाही!

पक्ष्यांना खायला घालूच नका म्हणणाऱ्यांतली मी नाही. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून जे रण माजले, तेव्हापासून अशी मंडळी फार झाली आहेत. पोतेभर दाणे ओतून कबुतरांचे थवे पोसणे वेगळे आणि अंगणातल्या बुलबुलाला पपईची फोड देणे वेगळे, एवढे तारतम्य आपल्याला असायला हवे. मी रोह्यात परसातल्या पेरूखाली गेली सात-आठ वर्षे फळ ठेवते आहे. सकाळी सातला दोन फोडी, जास्त नाही. लालबुड्या बुलबुलांची जोडी ठरलेली. एक जण तारेवर बसून मान वाकडी करून अंदाज घेतो, मग उतरतो, गराचा तुकडा चोचीत धरून डोके झटकतो आणि चोच फांदीला पुसून परत तारेवर. ठिपक्यांची कोकिळा आली की दोघे मुकाट बाजूला होतात. तांबट आला तर तो दिवस चांगला. साडेदहाला उरलेसुरले उचलायचे, ताटली घासून उन्हात पालथी घालायची. यात कष्ट ते काय?

पण ते रोज करावे लागतात आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही.

आंबलेल्या, बुरशी आलेल्या फळाने पाखरे आजारी पडतात. बुरशीचे कण त्यांच्या श्वासावाटे आत जाऊन बसतात. न धुतलेल्या सामाईक ताटाचे तर विचारूच नका. ब्रिटनमध्ये घरोघरी पक्ष्यांना खाऊ घालायची हौस. तिथे २००५ पासून ग्रीनफिंच नावाच्या पाखरांत घशाचा रोग पसरला, गिळता येईना, आणि काही वर्षांत त्यांची संख्या लाखांनी घटली. रोगट पाखराची लाळ लागलेले खाणे-पाणी दुसऱ्याने घेतले की झाले. आमच्याकडे तर कोणी मीठ-मसाला लावलेली फोडच ठेवून जातो, कोणी सफरचंदाचा बियांसकट गाभा. घरात कोणी खाईना म्हणून पाखरांना, हा हिशेब दयेत बसत नाही.

आता दुसरे, जे मला जास्त झोंबते. आमच्या आळीतला उंबर गेल्या पावसाळ्याआधी तोडला. कारण काय, तर फळांचा सडा पडतो, माश्या होतात, खाली लावलेल्या गाड्या खराब होतात. आपला राज्यपक्षी हरियाल उंबर-वडाच्या फळांवर जगतो. जमिनीला पाय लावत नाही अशी त्याची ख्याती, तो तुमच्या ताटाशी कशाला येईल? पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा पट्टा रुंद करताना महामार्गाकडेचे जुने वड गेले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने परसातले आंबे-फणस आडवे केले. त्यांच्या जागी किती उंबर लागले, किती जांभळे, किती भोकरी? उंबराच्या सड्याने माश्या होतात म्हणणाऱ्या आपल्याला चार दिवसांचे कलिंगड मात्र चालते, कारण त्यावर मंडळाचा फलक असतो.

मंडळाच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे की पुढच्या रविवारी कार्यक्रम जरूर करा. पण फलकावर पाहुण्यांच्या नावांखाली आणखी एक नाव लिहा, त्याच दिवशी दुपारी ताट उचलायला येणाऱ्याचे. तसे कोणी मिळत नसेल, तर त्या पैशांत उंबराची दोन रोपे लावा आणि त्यांना पाणी घाला.

बुधवारचे ते ताट मी रिकामे करून आणले आहे. स्टीलचे आहे, घासून ठेवले आहे. ज्यांचे असेल त्यांनी घेऊन जावे.

— एक वाचक, रोहा