वाढदिवस लेखिकेचा, भेट मुलांना

१४ नोव्हेंबरचा बालदिन आपल्याकडे कसा पार पडतो हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. मुलांना सकाळपासून उन्हात रांगेने बसविले जाते, पाहुणे उशिरा येतात, हारतुरे होतात. आणि मुलांवरील प्रेमाचे भाषण चालू असता जो चुळबुळ करतो त्याला मागून चिमटा बसतो.

नेहरूंची ही जन्मतारीख ॲस्ट्रिड लिंडग्रेन या स्वीडिश बाललेखिकेचीही आहे. १९०७ साली विमरबी गावाजवळ, खंडाने जमीन कसणाऱ्या कुटुंबात त्या जन्मल्या. २००२ साली वारल्या. त्यांची ‘पिप्पी’ ही मुळातच वाढदिवसाची भेट. १९४१ साली आजारी मुलीच्या अंथरुणाशी सुरू झालेली ती गोष्ट त्यांनी १९४४ मध्ये तिच्या दहाव्या वाढदिवसाला टंकलिखित करून तिच्या हाती ठेवली; पुस्तक निघाले ते पुढच्या वर्षी. पिप्पी एकटी राहते, घोडा उचलते, आणि आपल्या वाढदिवसाला आलेल्या सवंगड्यांना स्वतःच भेटी देते. मग खेळ रंगतो: जमिनीला पाय न लावता मेज-खुर्च्यांवरून खोलीला वळसा घालावयाचा. वाटेत पडलेली टाकाऊ वस्तू उचलून तिचा उपयोग शोधून काढणे, हा तिचा आणखी एक उद्योग.

लिंडग्रेनबाईंचा वाढदिवस साजरा करण्यास याहून अधिक सामग्री लागत नाही. आपल्या वस्त्यांतील घरांत मेज-खुर्च्या कोठल्या? अंगणात विटा, पाट, गोणपाट मांडावेत. अध्यक्ष हवाच असेल तर दहा वर्षांची मुलगी बसवावी. प्रमुख पाहुण्यांनी भाषणाऐवजी झाडावर चढून दाखवावे. बाई स्वतः म्हातारपणीही चढत असत.

मात्र या खोडकर बाईने राज्यकर्त्यांनाही सोडले नाही, हे समाजवाद्यांनी विसरू नये. वाढीव उत्पन्नावरील आपला कर शेकडा १०२ वर जातो, हे त्यांनी १९७६ साली वृत्तपत्रात एक परीकथा लिहून दाखविले. बाईंना गोष्टी येतात, हिशेब येत नाही, असा टोमणा समाजवादी अर्थमंत्री स्ट्रेंग यांनी मारला. हिशेब बाईंचाच बरोबर होता. त्याच सप्टेंबरात चार दशकांनंतर पक्षाची सत्ता गेली. अणुविजेचा वादही त्यास कारण होता, तरी टोमणा महागात पडलाच. आणि बाई तर त्याच पक्षाच्या मतदार!

१९७८ साली फ्रँकफुर्टला शांतता-पारितोषिक स्वीकारताना त्या मुलांना मारण्याविरुद्ध बोलल्या. १९७९ मध्ये स्वीडनने घरातील मारही कायद्याने बंद केला; असे करणारा तो जगातील पहिला देश. १९८७ साली त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला पंतप्रधान कार्लसन भेटीस आले ते गुराढोरांच्या संरक्षणाच्या कायद्याचे वचन घेऊन. त्या मागणीसाठी बाई वृत्तपत्रांतून सतत लिहीत होत्या. पुढच्या वर्षी कायदा आला, तेव्हा तो लेचापेचा आहे, हेही त्यांनी सांगून टाकले.

आपल्याकडे शाळेतील शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने बंदी आहे. घरातील मारास अशी सरळ बंदी नाही. तेव्हा विटांवरचा खेळ आटोपला की मुलांनाच विचारावे, मोठ्यांकडून कोणती भेट हवी. ती सांगतील ते, नावे न घालता, वहीत उतरवावे आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत वाचावे. समितीत आपलाच एखादा कार्यकर्ता शिक्षक असेल, तर वही त्याच्याच हाती द्यावी.