युद्धनौकेचा मेंदू

समुद्रावरील सामर्थ्य म्हटले की पोलादी नौका आणि तोफांच्या लांबलचक नळ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आधुनिक युद्धनौकेचे खरे बळ मात्र तिच्या रडारमध्ये आणि आतील संगणकांत असते. चाल करून येणारे क्षेपणास्त्र ओळखणे, त्याचा मार्ग निश्चित करणे आणि त्यावर प्रतिप्रहार करणे, या साऱ्यासाठी हाती काही क्षणच असतात. हा मेंदू जो घडवतो, त्याच्याच हाती नौकेची किल्ली राहते.

मॉस्को येथील ‘अल्टेअर’ ही संशोधन संस्था असे मेंदू घडवण्यात अग्रेसर. तिची स्थापना १९३३ मधील. जमिनीवरील एस-१२५ क्षेपणास्त्र नौकेवर आणून तिने सिद्ध केलेली ‘वोल्ना’ यंत्रणा सोव्हिएत नौदलाने १९६२ मध्ये स्वीकारली. पुढे ‘श्तोर्म’, ‘ओसा’, ‘फोर्ट’, ‘उरागान’ अशी परंपराच निर्माण झाली. सोव्हिएत संघ कोसळला, तरी ही विद्या लोपली नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाच विषयाचा ध्यास घेतला, तर राष्ट्राच्या हाती काय येते, याचे हे उदाहरण होय.

भारतीय नौदलाचा या परंपरेशी जुना संबंध आहे. १९८० मध्ये दाखल झालेल्या ‘राजपूत’ विनाशिकेवर ‘वोल्ना’ होती. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘दिल्ली’ १९९७ मध्ये सेवेत आली, तिच्यावर ‘उरागान’चे निर्यातरूप ‘श्टिल’ बसवण्यात आले. नौका मुंबईची, कवच रशियाचे. सेंट पीटर्सबर्ग येथे बांधलेल्या ‘तलवार’च्या वेळी या परावलंबनाची किंमत कळली. चाचण्यांत ‘श्टिल’ अपेक्षेस उतरेना, नौदलाने तडजोड नाकारली आणि नौका सुमारे वर्षभराच्या विलंबाने, जून २००३ मध्ये, दाखल झाली. नौदलाचा तो आग्रह योग्यच होता. पण दुरुस्ती कधी होणार, हे ठरवणे त्याच्या हाती नव्हते.

स्वतःचे ज्ञान असणेही पुरेसे नसते, हा धडा काळ्या समुद्राने दिला. ‘फोर्ट’ यंत्रणेची ६४ क्षेपणास्त्रे वाहणारी ‘मॉस्क्वा’ ही रशियन नौका १४ एप्रिल २०२२ रोजी बुडाली. आपल्या दोन ‘नेपच्यून’ क्षेपणास्त्रांनी ती बुडवली, असे युक्रेनने सांगितले. रशियाने आग व दारूगोळ्याच्या स्फोटाचे कारण दिले. कारण कोणतेही माना, चार दशकांपूर्वीची नौका केवळ पूर्वपुण्याईवर सुरक्षित राहत नाही, एवढे स्पष्ट झाले. शस्त्राला सतत धार लावावी लागते.

रशियाची मैत्री भारताला अनेक कठीण प्रसंगी उपयोगी पडली आहे. त्या मैत्रीचा मान राखूनही स्वतःच्या पायांवर उभे राहता येते. २०१४ मध्ये दाखल झालेल्या ‘कोलकाता’साठी संरक्षण संशोधन संस्थेने इस्रायलच्या सहकार्याने क्षेपणास्त्र विकसित केले, हे खरेदीदारापासून भागीदारापर्यंतचे पाऊल होते. पुढचे पाऊल स्वयंपूर्णतेचे. त्यासाठी दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रयोगशाळा हव्यात, त्यांत आयुष्य वेचणारे तरुण हवेत आणि अपयशी चाचणीनंतरही हात आखडता न घेणारे शासन हवे. चांगल्या पगारासाठी परदेशाकडे डोळे लावणाऱ्या अभियंता मुलाला घरातूनच हा दुसरा मार्ग दाखवला गेला पाहिजे. नौका गोदीत बांधली जाते. तिचा मेंदू घडण्यास मात्र अशी घरे लागतात.